पोरं पळत्यात

मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

आज संध्याकाळी साडेपाच वाजता सरपंचांनी माझ्या मुलींचा कबड्डीचा सराव बंद केला. मी शाळेतून निवृत्त झाले, तरी त्यांना मीच शिकवते. रविवारी राजुरीला सामने आहेत. कारण काय, तर काल रात्री मैदानात बिबट्या येऊन गेला. शेजारी मुलांचे क्रिकेट मात्र चालूच.

"बाई, पोरींची जबाबदारी कोण घेणार?"

"आणि पोरांची?"

"पोरं पळत्यात, बाई."

मागून आमची कप्तान सोनाली म्हणाली, "तात्या, आमी तर दम धरून पळतो."

ते हसले आणि गाडीला किक मारून गेले. माझ्या लहानपणी कॉन्व्हेंटच्या सिस्टरही आम्हा मुलींना पळू देत नसत. निदान त्या बिबट्याचे निमित्त तरी पुढे करत नसत.

पण मैदानातले बिबट्याचे ठसे मला सोडेनात. वाकून पाहिले. उसातून निघालेले ठसे आमच्या मैदानाच्या पांढऱ्या फक्कीच्या रेषेपर्यंत आले आणि तिथून क्रिकेटकडे वळले. का? तिकडे गेले, तर बिर्याणीची खरकटी डबडी आणि कुत्र्यांची पावले. म्हणजे खरकट्यामागे कुत्री, कुत्र्यांमागे तो. तरी नेमका रेषेवरच का वळला? फक्कीचा वास? सकाळी पुन्हा बघायला हवे.

सरपंचांना आजच लिहिते: आधी ठसे पाहा. खरकटे उचलायला लावा, नाहीतर क्रिकेटही बंद करा. मुली कधीपासून खेळणार, याचे लेखी उत्तर गुरुवारी शाळा सुटण्याआधी माझ्या हातात हवे.