चुलीत गेलेले कार्बन

दादा, आज वकीलबाईंकडे जाऊन आले आणि तुमच्याशी बोलावंसं वाटलं. कर्जतच्या कोर्टासमोर तुम्ही ज्या पत्र्याच्या शेडमध्ये टाइपरायटर घेऊन बसायचात, तिथे आता झेरॉक्सची दुकानं आहेत. मी नगरला दोन खोल्यांत एकटी राहते, शाळेत शिकवते. लेकीचा संसार मोडलेला तुम्हाला बघावा लागला नाही, बरं झालं, असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. तुम्ही असता तर माझा पहिला अर्ज तुम्हीच टाइप केला असता.

घटस्फोटाचं प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं आणि मी जिंकले. पण हल्ली निकाल इंटरनेटवर येतात, नावासकट. माझं नाव मोबाईलमध्ये टाकलं की पहिला तोच वर येतो. त्याच्या दुसऱ्या पानावर सासरच्यांचा आरोप आहे, की मला वेडाचे झटके येतात. तो खोटा आहे असं कोर्टाने अकराव्या पानावर म्हटलंय. अकराव्या पानापर्यंत वाचतंय कोण? शाळेतल्या नव्या बाई रोज माझ्याशेजारी डबा उघडायच्या, आता खिडकीपाशी बसतात. विचारत काहीच नाहीत. विचारलं असतं तर सांगितलं तरी असतं.

नाव झाकून मिळावं म्हणून अर्ज करता येतो, असं वकीलबाई म्हणाल्या. खात्री मात्र नाही. एक कोर्ट म्हणतं, जुनं मागे टाकून जगायचा माणसाला हक्क आहे. दुसरं म्हणतं, निकाल सगळ्यांसाठी असतो, तो झाकायचा कसा? एवढ्या शहाण्या माणसांचा वाद चाललाय, आणि तोवर माझं दुसरं पान उघडंच.

तुमचा न्याय सोपा होता. मिरजगावच्या घरी तुम्ही संध्याकाळी एसटीने यायचात आणि हातपाय धुवायच्या आधी पिशवीतले टाइपिंगचे कार्बन पेपर चुलीत घालायचात. नव्या कार्बनवर टाइप केलेला सगळा मजकूर उमटतो, उजेडात धरला की कुणालाही वाचता येतो. आई भाकऱ्या थापत असते, धुराने वैतागते. "भाकरीला वास लागतोय, उद्या जाळा की." तुम्ही म्हणता, "लोकांच्या घरातलं हाय त्यात. घरात ठेवायचं न्हाई."

हा नेम कधी सुरू झाला ते मला पक्कं आठवतं. मी सातवीत होते. गल्लीतल्या, ब्लाऊज शिवणाऱ्या मावशींनी पोटगीचा अर्ज तुमच्याकडून टाइप करून घेतला होता. नवरा त्यांचे काय हाल करायचा, ते सगळं त्यात होतं. आठ दिवसांत ते गल्लीभर झालं. मावशी दारात आल्या, आत या म्हटलं तरी आल्या नाहीत. "भाऊ, इहिरीत टाकल्यावानी तुमच्याकडं टाकलं हुतं. वर कसं आलं?" तुम्ही मान खाली घातलीत. "चूक माझीच हाय, ताई." पुढच्या महिन्यात त्या शिलाई मशीन टेम्पोत घालून माहेरी निघून गेल्या.

तुमचा संशय कोर्टासमोरच्या चहावाल्या काकांवर गेला. आत साहेबांनी बोलावलं की तुमची पिशवी त्यांच्याच बाकावर असायची. इतक्या वर्षांची दोस्ती, पण तुम्ही भांडलासुद्धा नाहीत, फक्त त्यांच्याकडे जाणं बंद केलंत. काका एकदा घरी आले. "माझं काय चुकलं, तेवढं तरी सांग." तुम्ही घरच्या टाइपरायटरची रिबन बदलत राहिलात. शेवटपर्यंत तुम्ही त्या शेडमध्ये एकट्यानेच डबा खाल्लात.

अर्ज मी स्वतःच टाइप केलाय, तुम्ही शिकवलंत तसा, दहाही बोटांनी. लोकांनी माझं घरातलं वाचू नये, एवढंच त्यात मागितलंय. सही मात्र होत नाही.

दादा, काकांनी पिशवी उघडली नव्हती. तो कार्बन घरी आला होता. खिडकीच्या उजेडात धरून मी तो वाचला आणि त्यातलं सगळं वर्गातल्या मैत्रिणीला सांगितलं. काका आले तेव्हा मी तिथेच जातं पुसत बसले होते.

हे तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुम्ही वाचणार नाही. काका अजून आहेत, कर्जतलाच, खूप थकलेत म्हणे. एसटी दर तासाला असते. मी गेलेले नाही.