आकारामची म्हैस

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय पूर्णिमा,

परवा फोनवर तू एक साधा प्रश्न विचारलास आणि मी कुकर लावलाय म्हणून फोन ठेवला. कुकर लावलाच नव्हता. उत्तर एका शब्दाचं होतं गं, पण तेवढंच दिलं असतं तर तू लगेच "कशावरून?" म्हटलं असतंस आणि ते सांगताना मला रडू आलं असतं. म्हणून लिहायला बसले. अक्षर घाण आलंय, चालवून घे. वर्गात पोरांना अक्षरावरून बोलणारी बाई ती हीच.

ते "कशावरून" तुझंच. डी.एड.ला माझ्या सराव पाठात मी ठणकावून सांगितलं होतं की धड्यातला सावकार मनाने चांगला होता, आणि तू मागच्या बाकावरून हात वर करून सरांसमोर मला तेवढा एकच शब्द विचारलास. धड्यात तशी एकही ओळ सापडेना. किती दिवस बोलले नव्हते तुझ्याशी! नोकरी लागल्यावर मात्र मी तोच प्रश्न पाचवीच्या पोरांमागे लावला. आधी उत्तर लिहायचं. मग उताऱ्यातल्या ज्या ओळीवरून ते सुचलं तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मारायची आणि ती ओळ आपल्या शब्दांत उत्तराला जोडायची. तू लग्न करून कुरुंदवाडला दुकानात रमलीस, तुझा प्रश्न इथे माझ्या वर्गात नांदत राहिला. पोरं मला माघारी कशावरून बाई म्हणायची. खिचडीच्या रांगेत कुणी खिचडी खारट झालीय म्हटलं की मागचा पुरावा मागायचा, आणि पुढचा पाण्याच्या नळावर लागलेल्या गर्दीकडे बोट दाखवायचा. मला वाटायचं, आपण काहीतरी केलंय.

यंदा वर्गात सबिना होती, गाद्या भरणाऱ्या इलाहीभाईंची मुलगी. हात वर करायला लाजणारी, पेन्सिल चावून चावून तिचं टोक भिजवणारी. पण वाचायला लागली की उताऱ्यातून काही निसटायचं नाही तिच्या हातून. दुसऱ्या सत्रात संस्थेची सामायिक परीक्षा झाली. त्या परीक्षेच्या गुणांवर सहावीची विशेष तुकडी निवडतात, तिला चांगले शिक्षक देतात आणि बाकीच्यांना उरलेले. पेपरात एक उतारा होता. आकाराम नावाचा माणूस पेठ वडगावच्या बाजारात म्हैस विकून घरी येतो. भाव चांगला आलेला असतो. घरी आल्यावर तो तिचं दावं खुंटीला अडकवतो, रिकामा गोठा झाडून काढतो आणि न जेवता झोपतो. तो न जेवता का झोपला, असा प्रश्न. सबिनाने लिहिलं की त्याला म्हशीची आठवण येत होती, कारण बांधायला कुणी नसतानाही त्याने दावं जपून ठेवलं आणि गोठा झाडला. दमलेला माणूस आधी टेकतो, झाडू हातात घेत नाही. ते वाचून मी एकटीच स्टाफरूममध्ये हसले, इतका आनंद झाला होता. आणि शेजारी तांबड्या शाईत शून्य. उत्तरसूचीत लिहिलं होतं की तो बाजारातून चालत आल्यामुळे दमला होता. सूची बाजारातल्या गाईडमधून जशीच्या तशी उचललेली. तेवढ्या एका उत्तरापायी तिची तुकडी हुकली.

मी रेघा मारलेला पेपर घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले. राजवर्धन सर वाईट माणूस नाही. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, पोरीचं बरोबर आहे. पण सूचीत नाही." संस्थेकडे अर्ज केला, तिथूनही तेच आलं, फक्त जरा सरकारी भाषेत. मग पालकांनी गाईडं आणली. इलाहीभाई मात्र वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले, कपड्यांना कापूस तसाच. मला वाटलं भांडायला आलेत. भांडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "बाई, माझी पोरगी बरोबर हाय, ह्ये मला बी कळतंय. पर बरोबर असून मागं ऱ्हायली की. आता गाईडातलंच लिवू दे तिला."

मी ऐकलं नाही. पुढच्या आठवड्यात नवा उतारा दिला. जत्रेतून परत आलेली बहीण कुणाशी बोलत नाही, असा. का बोलत नाही, ते लिहायचं होतं. एकाही पोराने रेघ मारायला पेन्सिल काढली नाही. उत्तर सांगा, लिहून घेतो, म्हणून सगळी माझ्या तोंडाकडे बघत बसली. एकट्या सबिनाने लिहिलं, की ती दमली होती. खाली कशावरून? तर, "असंच असतं." चिडून नाही लिहिलं गं, सुंदर अक्षरात लिहिलं होतं. त्या दिवसापासून मी गाईडमधली उत्तरं फळ्यावर लिहून देते. पोरं शांत, पालक खूश, राजवर्धन सरही आता माझी नजर चुकवत नाहीत. मी घरी येते आणि चहासुद्धा करावासा वाटत नाही.

तर तुझा प्रश्न. जूनमध्ये तुम्ही इकडे राहायला येताय आणि तुझ्या मोनाला पाचवीत माझ्याच वर्गात घालू का, म्हणून विचारतेस. दिवाळीत ती आली होती तेव्हा भात शिजला म्हटल्यावर कमरेवर हात ठेवून तिने मला कशावरून विचारलं होतं, आठवतं? शितं दाबून दाखवली तेव्हा ताटावर बसली. तेव्हापासून मी तिची वाट बघत होते, मनातल्या मनात तिचा बाकही ठरवून ठेवला होता. पूर्णिमा, नको घालू. पहिल्याच दिवशी ती हात वर करून मला विचारेल, आणि मला तिला गप्प बस, लिहून घे, असं म्हणावं लागेल. ती घेईलही लिहून. सबिनाने घेतलंच की. दुसरी शाळा कुठली बघू, ते मला विचारू नकोस, मला खरंच माहीत नाही. तिथेही बहुतेक हेच असेल. फक्त तिथे तिला गप्प बसवणारी बाई मी नसेन.

तुझीच,
संयोगिता