न कापलेलं वाक्य

सुपे,
सोमवार, ता. १४ नोव्हेंबर १९६६

तीर्थरूप बाबांच्या चरणी गुणाचा साष्टांग नमस्कार. गोपाळ मास्तरांनी हे पत्र नेहमीसारखं शाळेच्या ओसरीवर, सगळ्यांदेखत मोठ्याने वाचावं.

मी खुशाल आहे. दिवाळीला येता आलं नाही. लोकांचा सण म्हणजे आम्हा रेडिओवाल्यांची हमाली. आता एक बातमी. दिल्लीत टेलिव्हिजन आलंय. रेडिओच, पण बोलणारा माणूस दिसतोसुद्धा. त्यावर शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम निघणार आहे आणि तो लिहायला, उभा करायला माझी निवड झाली आहे. येत्या सोमवारी हजर व्हायचंय. झिलू कुणब्याचा मुलगा दिल्लीला चालला. मास्तर, पेढे माझ्या नावावर वाटा.

छे, वाटू नका.

वर मी सुपे लिहिलंय. दोन दिवस झाले, मोटारस्टँडमागच्या खोलीत पडून आहे. घर इथून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. काल निघालो होतो. जांभळीच्या व्हाळापर्यंत आलो, पाण्यात पाय घातला आणि माघारी फिरलो. पाणी घोट्याएवढंसुद्धा नव्हतं.

मास्तरांचं पत्र मला गेल्या आठवड्यात मिळालं. डोंगरातली आपली कुमरी, रान जाळून चोरून केलेली शेती, फॉरेस्टवाल्यांनी कापून टाकली, कणसात भरलेली नाचणी आडवी केली, तुम्हाला अकरा दिवस सुप्याच्या कोठडीत ठेवलं, हे त्यातून कळलं. पुढे मास्तर लिहितात की गावाने देवाला कौल लावला, उजवी कळी पडून देवाने हो म्हटलं, चुगली गावातल्याच माणसाने केली. आणि लखूकाका फॉरेस्टच्या डेपोत लाकडं ओढायला जातो, म्हणून सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. त्याला वाळीत टाकलं, त्याच्या पोरीचं, फुलाचं ठरलेलं लग्न मोडलं, आणि शुक्रवारच्या आत त्याने गाव सोडायचं असं ठरलं.

बाबा, मी दुसऱ्यांची बोलणी लिहून पोट भरतो. शेतकरी काय म्हणेल, त्याची बायको काय टोमणा मारेल, सगळं भराभर सुचतं. माझं स्वतःचं एक वाक्य लिहायला दोन दिवस लागले. ते असं: लखूकाकाने काही केलेलं नाही. चुगली मी केली.

मास्तर, थांबू नका. वाचा.

चैत्रात मी ते टेपचं यंत्र घेऊन आलो होतो. तुम्ही चुलीत कंद भाजत होता. कुमरी कशी करतात ते मी विचारलं आणि तुम्ही रंगात येऊन सांगत गेलात. मध्येच म्हणालात, "यंदा जांभळीच्या व्हाळाच्या वर, तिसऱ्या डोंगराच्या पोटात केलीया. डुकराला हाकलता येतं, गार्डाला न्हाई." आणि मोठ्याने हसलात. मग यंत्राकडे बोट दाखवून विचारलंत, "ह्ये कोण ऐकणार?" मी म्हणालो, "मीच."

आमच्याकडे टेप ब्लेडने कापून चिकटवतात. ते वाक्य काढायला मिनिटभर लागलं असतं. ब्लेड हातात होतं. कापलं नाही, कारण त्या वाक्यात तुम्ही हसता. तसं हसणं कुठल्या नटाला जमत नाही. दसऱ्याच्या सुमारास ते रेडिओवर सगळ्यांनी ऐकलं. सुप्यातल्या गार्डांनीही ऐकलं असणार, कारण आठवड्याच्या आत ते तुमच्या डोंगरावर होते. गावात रेडिओ नाही, म्हणून तुम्हाला कुणालाच पत्ता नाही. दिल्लीच्या लोकांनीही तेच हसणं ऐकलं आणि मला उचललं. ती टेप आणि यंत्र आता इथे माझ्या उशाशी आहे.

मी स्वतः येऊन सांगायला हवं होतं. भितो. तुमच्या काठीला भीत नाही, तुमच्या तोंडाकडे बघायला भितो. पण लखूकाकाला थांबवा. पाया पडतो, थांबवा. तुमचा निरोप येईपर्यंत मी सुप्यातून हलणार नाही. दिल्लीची गाडी गेली तर जाऊ दे.

तुमचा म्हणवून घ्यायची लाज वाटणारा,
गुणा


शनिवार, ता. १९ नोव्हेंबर १९६६

चि. गुणास गोपाळ मास्तरचा आशीर्वाद. पुढचं तुझे वडील बोलतील तसं लिहितो.

गुणा, तुझं पत्र काल शुक्रवारी दुपारी आलं. मास्तरानं मोठ्यानं वाचलं. सगळी हुती. लखू न्हवता. लखू बुधवारीच गेला. फुलाला घेतलं, दाराला काटी आडवी लावली नि गेला. कुठं, ते कुणाला सांगितलं न्हाई. सांगणार कुणाला? त्याच्याशी बोलत हुतं कोण?

पत्राला चार दिस लागले. तुला अर्धा दिस लागला असता.

पर तुला एकट्याला शिव्या घालायला माझं तोंड न्हाई. तू म्हणतोस, आमाला पत्ता न्हाई. मला हुता. सुप्यात पयल्याच दिवशी गार्ड हसून म्हणाला, "काय झिलू, डुकराला हाकलता येतं, गार्डाला न्हाई व्हय?" ते मी जन्मात एकदाच बोललो हुतो, तुझ्या यंत्राम्होरं. अकरा दिस तेच डोक्यात. घरी आलो तर सगळ्यांच्या तोंडी लखूचं नाव. मी गप ऱ्हायलो. देवाला कौल मीच लावला. गावातल्याच माणसानं सांगितलं का, एवढंच इचारलं. देव खरं बोलला. नाव मी इचारलंच न्हाई. तू माझा एकलाच हाईस रे.

लखू देवळात माझ्याकडंच बघत हुता. लहानपणापासनंचा सोबती. त्याला वाटलं, झिलू तरी बोलंल.

काल मास्तराचं वाचून झालं नि मी उठून ह्ये सगळ्यांना सांगितलं. एकेक उठून गेली.

ह्ये पत्र टपालानं न्हाई, मीच घिऊन येतोय. तुझ्याम्होरं उभा राहिलो की शब्द फुटायचा न्हाई, म्हणून लिहून घेतलंय. वाच नि ऊठ. दिल्लीचं तुझं तू बघ, पर आधी ती टेप नि यंत्र संगं घे. दांडेली, रामनगर, खानापूर, लागंल तिथवर जाऊ. लखू घावला की त्याला माझं हसणं ऐकव. मग तो मारंल न्हाईतर थुकंल. तवर तू घरी जायाचं न्हाई, मी बी न्हाई.

लखूचा गुन्हेगार,
तुझा बाप,
झिलू
(अंगठा)