कारण : खेळताना पडला

सोमवार, ३
नवं गाव, नवी नोकरी, आणि पहिल्याच दिवशी खिडकीजवळची खुर्ची! इस्पितळाच्या अपघात विभागात येणाऱ्या मुलांच्या नोंदी वह्यांतून कॉम्प्युटरवर चढवायच्या: वय, वेळ, काय लागलं, कसं लागलं. मुलं कुठे सारखी जखमी होतायत, ते म्हणे यावरूनच कळतं. मोठ्या सिस्टर फार मायाळू. माझ्या चार वर्षांच्या ठकीला कुठे ठेवू या घोरात होते, तर त्यांनी बहिणीचं पाळणाघर सुचवलं. म्हणाल्या, "अगं, घरचंच आहे. निर्धास्त राहा." पोरगी न रडता गेली. डोक्यावरचं ओझं उतरलं.

बुधवार, १२
वर्षभराच्या वह्या संपल्या. एका पठ्ठ्याने नाकात बटण घातलं होतं. काढल्यावर तेच परत मागत होता! पण अकरा मुलांचं काहीतरी जुळतं. वय तीन ते पाच, वेळ दुपारी साडेबारा-एकची, मोडलेलं डावं मनगट. कारण अकराही ठिकाणी: खेळताना पडला. कागदावर उतरवून सिस्टरांना दाखवलं. त्यांनी पाठ थोपटली. म्हणाल्या, डॉक्टरांशी मी बोलते, तू कुणाला सांगू नकोस.

शुक्रवार, १४
अकरा नोंदी कॉम्प्युटरवरून गायब. वह्यांत आणणाऱ्याचा फोन नंबर खोडलेला, एक सोडून. तो नंबर माझ्या फोनमध्ये आहे. पाळणाघराचा.

लावला. कुणी उचलेना. तेवढ्यात सिस्टर आल्या, हातातून फोन काढून घेतला, हसून म्हणाल्या, "इतकी काय घाबरतेस?" टेबलावर वही ठेवली— आजची नोंद चढव म्हणाल्या. बाहेरून कडी लावली.

वही उघडली. ठकीचं नाव. डावं मनगट. वेळ १२:४०.

आत्ता १२:२० झालेत.

१२:३२
दार हलत नाही. खिडकीला गज. ओरडले— खालच्या रखवालदाराने वर बघून हात हलवला, बस्स. मी सिस्टरांना माई म्हणायला लागले होते. मीच रोज त्या पाळणाघराच्या दारात ठकीला—

गाडी आली. पाळणाघरवाल्या बाई उतरल्या, कडेवर ठकी. हात धड आहेत! दोन्ही धड! रडतही नाहीये— मग इथे कशाला—

सिस्टर पुढे आल्या. ठकीने त्यांच्याकडे झेप घेतली, ओळखते ना ती— हसतेय— त्या तिला मागच्या खोलीकडे नेतायत, तिचं मनगट हातात धरून, डावं—