ताळ्याचा पेपर

२ जून, सकाळ
आजपासून रोजनिशी, कारण यंदा लिहून ठेवण्यासारखं काहीतरी घडणार असं आतून वाटतंय. शाळेच्या शेवटच्या, म्हणजे उच्च स्तर परीक्षेचे इतिहासाचे दोनशे चाळीस पेपर मला तपासायला मिळालेत. मुख्याध्यापकांनी काल स्पष्टच सांगितलं, की परीक्षकांच्या यादीत ज्याचं नाव राहील, वरचा वर्ग त्याचा. नाहीतर तो टाचणीला जाणार आणि मी पाचवीला भूगोल शिकवणार. टाचणी म्हणजे आमच्या स्टाफरूममधला तरुण मास्तर. बारीक, चकचकीत, आणि कुठे बसेल तिथे टोचणारा.
वरच्या वर्गाला सव्वीस वर्षं मीच शिकवतोय. पुढच्या वर्षी त्यात आमची कन्या येणार. तिच्यासमोर पाचवीला भूगोल? नाही.

३ जून
परीक्षकांचं ट्रेनिंग. मुख्य परीक्षक बाई फार हळू बोलतात. पेपर स्क्रीनवर तपासायचे. मधूनमधून त्यात एखादा ताळ्याचा पेपर गुपचूप घातलेला असतो, बाईंनी आधीच तपासलेला. वीसपैकी दोनपेक्षा जास्त मार्कांचा फरक पडला की स्क्रीनवर लाल दिवा. तीन लाल दिवे झाले की यादीतून नाव कट. नवख्यांसाठी चांगला नियम आहे.
शेवटी बाईंनी आम्हालाच याच पेपरातला एक प्रश्न सोडवायला लावला. 'कारखाने आल्यावर शहरं का वाढली?' नाव घालायचं नाही, वेळ पाऊण तास. मुलांच्या खुर्चीत बसून बघा म्हणाल्या. बाकीचे पेनं चावत होते. मी वीस मिनिटांत कागद देऊन उठलो. लिहिलेलं परत वाचायची मला गरज पडत नाही. सुरुवातच एका दणदणीत वाक्याने केली होती. आता आठवत नाही, पण दणदणीत होतं.

५ जून
प्लॅन: रोज वीस. बारा दिवसांत खलास. मग दोन दिवस आराम.
आज झाले: तीन. खुर्चीची उंची जमवण्यात सकाळ गेली. पहिल्या दिवशी घाई बरी नव्हे.

७ जून
एकूण अकरा. लाल दिवा एक.
मी चार दिले होते, बाईंनी अकरा. बाईंचा चष्मा बदलायला झाला असावा. बायको दवाखान्यात नर्स आहे. ती म्हणाली, दोन डॉक्टरांच्या निदानात एवढा फरक पडला तर आम्ही आधी नव्या डॉक्टरला परत तपासायला सांगतो. मी नवा नाही, हे तिला सांगितलं. ती हो म्हणाली, पण ज्या आवाजात म्हणाली तो मला आवडला नाही.

९ जून
संकल्प: उदार व्हायचं. पोरं बिचारी दोन वर्षं घासतात. आपण कोण त्यांच्या पानात माती कालवणारे? आज सत्तर पेपर. सगळ्यांना सोळाच्या वर. मन हलकं झालं.

१० जून
लाल दिवा दोन. मी सतरा, बाई सहा. त्या मुलाने म्हणे दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर लिहिलं होतं. असेलही. पण अक्षर मोत्यासारखं होतं.

११ जून
बाईंचा फोन. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. सावकाश वाचा, एवढंच म्हणाल्या. आणखी एक दिवा लागला तर माझ्या हातात काही नाही, असंही म्हणाल्या. फोन ठेवला आणि कप उचलला. चहा शर्टावर सांडला.
शाळेत टाचणीने अगदी नम्रपणे विचारलं, सर, वरच्या वर्गाच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते? माझ्या खिशात असते. मी माहीत नाही म्हणालो.
रात्री पानातलं अर्धं तसंच ठेवून उठलो. कन्येने विचारलं, बाबा, बरं नाही का? अॅसिडिटी म्हणालो.

१२ जून, दुपार
डोकं चालवलं. आतापर्यंतचे दोन्ही ताळ्याचे पेपर निळ्या शाईत, स्वच्छ, समास सोडून लिहिलेले होते. म्हणजे बाईंची आवड कळली. असा पेपर दिसला की बारा द्यायचे. वीसपैकी बारा दिले की इकडे तिकडे दोन, निभावतं. बाकीचे पेपर माझे, तिथे मी आणि माझी तत्त्वं.
एवढी साधी गोष्ट इतक्या परीक्षकांना सुचू नये, याचं नवल वाटतं.

१५ जून
एकूण दोनशे सहा. दिवा नाही. रीत लागू पडली.
आज एक टाइप केलेला पेपर आला. हात मोडलेल्या मुलांना टाइप करायची परवानगी असते. म्हणजे हा ताळ्याचा असूच शकत नाही. बऱ्याच दिवसांनी मोकळेपणाने तपासलं. प्रश्न कारखाने आणि शहरांचाच. पहिलंच वाक्य: 'यंत्राला पोट नसतं, तरी ते गावं गिळतं.' असली वाक्यं टाळ्यांसाठी लिहितात, मार्कांसाठी नाही. पुढे कारणं दोन, तीही एकच कारण दोनदा. सन एकही नाही. उगाच ऐट. पाच दिले. शेरा लिहिला: 'या विद्यार्थ्याला इतिहासापेक्षा स्वतःचा आवाज जास्त आवडतो. याला शिकवणाऱ्याची कीव येते.'
शेरा कन्येला वाचून दाखवला. ती म्हणाली, हात मोडलाय ना त्याचा, थोडं हळू मारा.

१६ जून
लाल दिवा तीन. काम बंद.
बाईंचं पत्र, सोबत माझ्याच अक्षरातला एक कागद. ट्रेनिंगमध्ये आम्ही लिहिलेली उत्तरं त्यांनी अक्षर ओळखू येऊ नये म्हणून टाइप करून ताळ्याला घातली होती. पाच मार्कांचं ते उत्तर माझं. बाईंनी त्याला पंधरा दिले होते.

१७ जून
अपील करणार. मसुदा तयार: 'सदर उत्तराला पंधरा मार्क देऊन माझ्यावर अन्याय झाला आहे. ते किमान एकोणीसचं आहे.' मुख्याध्यापकांना फोन केला, वर्ग टाचणीला देण्याआधी एक दिवस थांबा म्हणालो. त्यांनी उद्या दुपारपर्यंत मुदत दिली.
बायको म्हणाली, पाठवायच्या आधी एकदा वाचून तर बघा. आपलं उत्तर आपल्याला वाचायची गरज काय? तरी उद्या वाचेन, तिच्या समाधानासाठी.

१८ जून
वाचलं. सावकाश, बाईंनी सांगितलं होतं तसं. बाजू घेऊन वाचलं. मग पेन्सिल घेऊन मार्क मांडले. दणदणीत वाक्याला अर्धा मार्क वाढवून दिला.
साडेपाच मार्क झाले. एकोणीस नाहीत, पंधराही नाहीत.
मसुदा फाडला. कन्येने तुकडे गोळा केले आणि शेजारी येऊन बसली. म्हणाली, पाचवीला नकाशे रंगवायचे असतात, मी मदत करेन.
दुपारी शाळेत जाऊन कपाटाची किल्ली टाचणीला दिली. तो थँक्यू सर म्हणाला.