धूर नव्हे, धुरी

आई, माझ्या लेकीला दम लागत होता आणि मी सगळ्यांवर संशय घेतला, तुला सोडून. आठ महिन्यांची पोर. आंघोळ होऊन जरा वेळ गेला की छाती भात्यासारखी व्हायची, बरगड्यांच्या मधे खड्डे पडायचे. मला वाटलं, सासूच. ती लपून केळं भरवते. "माझ्या केळ्याशिवाय तुला काही दिसतच नाही बघ," ती म्हणायची. मग खालच्या मजल्यावरच्या अक्का. त्यांना मूल नाही, बाळाकडे टक लावून बघतात. "स्वल्प इकडं दे की गं," म्हणाल्या, तर मी दार लावून घेतलं. नवरा येलहंक्याहून धूळ खात येतो, त्याला दारातच शर्ट काढायला लावायचे.

शेवटी हेब्बाळला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी कन्नडात विचारलं, घरात होगे आहे का? होगे म्हणजे धूर. मी म्हटलं, "इल्ला." आमच्यात कुणी बिडी ओढत नाही, गॅसवर स्वयंपाक. त्यांनी छातीला नळी लावायला पोरीला जवळ घेतलं आणि तिचं डोकं हुंगलं. "हा वास कसला?" म्हटलं, धुरीचा. आंघोळीनंतर देते रोज. "मग होगे नाही का म्हणालीस?" म्हटलं, अहो, ते होगे कुठं? ते तर औषध. धूर वेगळा, धुरी वेगळी. त्या हसल्या नाहीत. पोरीच्या तोंडाला मास्क लावून वाफ दिली आणि म्हणाल्या, आजपासून बंद. मी सरी, बरं, म्हटलं, पण मला त्यांचाच संशय आला. आपल्या लोकांचं यांना काय कळतं?

तरी भीतीनं बंद केली. हळूहळू पोर नीट झोपायला लागली. सासू म्हणाली, तिला आधीपासून धुरीचाच संशय होता. म्हटलं, तुम्हाला वाटलं होतं तर बोलला का नाहीत? "बोलले असते तर म्हणाली असतीस, माझ्या मेलेल्या आईला नावं ठेवते."

तेव्हापासून तू डोळ्यांपुढून हलत नाहीस. मल्लेश्वरमचं आपलं स्वयंपाकघर. तू पाटावर बसलीयस, पुढ्यात धुपाटणं, करवंटीचे निखारे, वर ओवा, वावडिंग, लसणीची सालं. गल्लीतल्या बाया बाळं घेऊन रांगेत. मी जवळ आले की हात उगारतेस, "लांब हो! बाहेर जा!" आणि स्वतः तिथंच बसतेस, खोकत, एका बाळानंतर दुसरं. तू दम लागूनच गेलीस. कुणी म्हणालं नशीब, कुणी म्हणालं करणी. धुपाटण्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. मावशीनं तुझ्या साड्या नेल्या, मी ते उचललं. तुझी विद्या म्हणून.

आता मला एकच सांग. मला बाहेर का हाकलायचीस? निखारा लागेल म्हणून? की तुला आतून कळलं होतं? कळलं होतं तर त्या बाळांना का गं? आणि नव्हतं कळलं, तर मी तुझ्यावर असा संशय घेते, माझं तोंड जळो.

हे तुला कुठं पोचणार, उशीखालीच राहील. डॉक्टरीणबाईंना सांगितलंय, धुपाटणं टाकून दिलं. टाकलेलं नाही. पोरीच्या केसांना आता नुसता साबणाचा वास येतो, तुझा येत नाही. मग ती झोपली की मी गच्चीत जाते, रिकामं धुपाटणं नाकाशी धरते आणि श्वास घेते.