सुप्रिया हाय का?

आबा,

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं, तर जितेशदादा वाचून दाखवील आणि तुम्ही विचाराल, ‘कुणाचं रं?’

कर्जतच्या शाळेत बाई मला ओरडायच्या, ‘हाय नाही, आहे म्हण!’ आता इथं व्हिएतनाममध्ये मीच इंग्रजीची बाई झालेय. वर्गात शिरले की पोरं उभी राहून ओरडतात, ‘हाय, टीचर!’ पुढचं काही विचारलं की नुसती हसतात. त्यांची भाषा मला कुठं येते? मग मीही हसते. पण त्या ‘हाय’नं रोज घर आठवतं. अंगणातून कुणी हाक मारली की तुम्ही ओटीवरून म्हणायचात, ‘हाय, हाय, ये.’

काल दादानं फोन तुमच्या कानाला लावला. मी विचारलं, ‘आबा, जेवलात?’

तुम्ही परक्या बाईशी बोलावं तसं अदबीनं म्हणालात, ‘बाई, आमची सुप्रिया हाय का तिथं?’

‘हाय.’

‘मंग तिला द्या ना जरा.’

मी फोन या कानाचा त्या कानाला लावला. ‘आबा, मी सुप्रिया.’

‘नाय,’ तुम्ही म्हणालात. ‘तिचा आवाज मी वळखतो.’

मीच हाय, आबा.

सुप्रिया